तापल्या इंजिनाची परीक्षा

यंत्रविद्या हा आमचा विषय नव्हे. संस्कृत शिकविण्यांत आमची हयात गेली, आणि घरांतील शिवणयंत्राचा पट्टा निसटला तरी तो चढविण्यास आम्ही शेजारच्या मुलास हांक मारीत आलों. तेव्हां ह्या महिन्यांत आम्ही होडीच्या इंजिनाविषयीं लिहावयास बसलों आहों हें पाहून नेहमींच्या वाचकांस हंसूं आलें तर त्यांत नवल नाहीं. परंतु गेल्या हिंवाळ्यांत खाडीवर आमच्यावर जो प्रसंग गुदरला, त्यांतून आम्हांस एक धडा मिळाला. तो होडीवाल्यांच्या उपयोगाचा आहेच; पण ज्यांच्या दारांत स्कूटर उभी आहे, किंवा ज्यांच्या घरांतून मूल शाळेंत जातें, त्यांसही तो वायां जाणार नाहीं.

घाटकोपरच्या पूर्वेस महामार्ग ओलांडला कीं मिठागरें व तिवरांचें रान लागतें, आणि त्यापलीकडे ठाण्याची खाडी पसरलेली आहे. हिंवाळा आला कीं रोहित पक्ष्यांचे, ज्यांस हल्लीं सर्वजण फ्लेमिंगो म्हणतात, थवेच्या थवे येथील चिखलांत उतरतात. ऐरोली व वाशी ह्या दोन पुलांमधील खाडी सरकारनें २०१५ सालीं अभयारण्य ठरविली, आणि २०२२ सालीं तिची गणना रामसर यादींतील पाणथळ जागांत झाली. इतकें सर्व दारापाशीं असतां तो देखावा पाण्यावरून पाहण्याचा योग आम्हांस उभ्या आयुष्यांत आला नव्हता.

आमचा एक जुना विद्यार्थी ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यांत राहतो. त्याची स्वतःची लहान होडी आहे, आणि तिच्या मागच्या फळीस पेट्रोलवर चालणारें दोन सिलिंडरांचें इंजिन टांगलेलें आहे. "गुरुजी, वाशीच्या पुलापर्यंत नेऊन आणतों. दोन तासांचें काम," असें तो म्हणाला, आणि एका रविवारीं सकाळीं आम्ही नातवास बरोबर घेऊन निघालों.

पहिल्याच हिसक्यास इंजिन सुरू झालें आणि पाऊण तास तें उत्तम चाललें. पक्षी दिसूं लागले, नातू हरखून गेला, आणि नेमका त्याच वेळीं इंजिनाचा आवाज खालीं आला. त्यानें दोन आचके दिले आणि तें बंद पडलें. विद्यार्थ्यानें दोरी दहा वेळां ओढली, वीस वेळां ओढली, इंजिन ढिम्म. ओहोटी लागली होती. दोहों बाजूंस चिखल उघडा पडूं लागला होता, आणि त्या चिखलांत उतरलेला माणूस मांडीपर्यंत रुततो. नांगर टाकून आम्ही अर्धा तास बसून राहिलों. मग कोणींही कांहीं दुरुस्ती न करतां तेंच इंजिन दुसऱ्या हिसक्यास सुरू झालें! परंतु दहाच मिनिटांत पुन्हां बंद. अखेरीस मासेमारी करून परतणाऱ्या एका होडीनें दोर टाकून आम्हांस धक्क्याला आणून लाविलें, तेव्हां दुपारचे दोन वाजून गेले होते. घरीं गेल्यावर आम्हांस काय ऐकावें लागलें, तें येथें नमूद करण्याचें कारण नाहीं.

धक्क्यावर बसून आम्हीं त्याला विचारलें, "अरे, हें किती दिवस चाललें आहे?"

"तीन महिने झाले, गुरुजी. मिस्त्रीला तीनदां आणला. एकदां प्लग बदलले, एकदां कार्बुरेटर साफ केला, एकदां पेट्रोलची नळी नवी घातली."

"मग?"

"मिस्त्री असतो तेव्हां झकास चालतें. तो गेला, आम्ही खाडींत गेलों, कीं पुन्हां तेंच."

"मिस्त्री येतो केव्हां?"

"सकाळीं. इंजिन थंड असतां."

वाचकहो, सारें इंगित ह्या शेवटच्या उत्तरांत होतें. रोग असतो तेव्हां वैद्य जवळ नसतो, आणि वैद्य येतो तेव्हां रोग अंगांत नसतो. तापल्यावरच प्रकट होणाऱ्या दोषाची परीक्षा तीन महिने निवालेल्या इंजिनावर चालली होती.

न्यायशास्त्रांत कारण ओळखण्याच्या दोन कसोट्या सांगितल्या आहेत. एक गोष्ट असतां दुसरी असते, हा अन्वय. ती नसतां दुसरीही नसते, हा व्यतिरेक. दोन्ही जुळल्यावांचून कारणाचा निर्णय होत नाहीं. नुसती सोबत म्हणजे कारण नव्हे. माती वाहणारें गाढव घडा होण्यापूर्वीं कुंभाराच्या दारीं हजर असतें, म्हणून तें घड्याचें कारण ठरत नाहीं. नैयायिकांनीं त्यास ‘अन्यथासिद्ध’ म्हणून बाजूस सारलें आहे. आतां पाहा: प्लग बदलला आणि इंजिन सुरू झालें. परंतु प्लग बदलण्यांत जो अर्धा तास गेला त्यांत इंजिन निवालेंही होतें. श्रेय मिळालें प्लगास, आणि काम केलें त्या अर्ध्या तासानें. हें गाढवास घड्याचें श्रेय देण्यासारखेंच झालें.

आम्हीं त्यास एक वही आणावयास सांगितली. पुढील तीन फेऱ्यांत चार गोष्टी लिहून ठेवावयाच्या: इंजिन किती वेळ चालल्यावर बंद पडलें, एकदम पडलें कीं आचके देत, थंड करणाऱ्या पाण्याची धार तेव्हां पडत होती कीं नाहीं, आणि किती वेळ थांबल्यावर पुन्हां सुरू झालें. एका फेरींत एकच गोष्ट बदलावयाची, दोन नाहींत. दरम्यान आम्हीं आपल्या अज्ञानाची लाज बाजूस ठेवून दोन-तीन जाणत्या माणसांकडून तापल्या इंजिनाचे रोग समजून घेतले. ते सोप्याकडून कठिणाकडे असे मांडतां येतात.

पहिला दोष टाकीच्या श्वासाचा. होडींतील सुट्या पेट्रोलटाकीच्या झांकणावर हवा आंत घेणारा एक लहान स्क्रू असतो. तो बंद राहिला तर पेट्रोल जसजसें संपतें तसतशी टाकींत पोकळी होऊन ओढ वाढते आणि अखेरीस पेट्रोल पुढें येईनासें होतें. इंजिन तोंवर तापलेलें असतें, म्हणून दोष उष्णतेवर जातो. वस्तुतः दोष गेलेल्या वेळाचा आहे. उष्णता येथें कुंभाराचें गाढव. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद पडतांच झांकण सैल करावें. सुस्कारा टाकल्याप्रमाणें हवा आंत शिरली आणि नळीवरचा रबरी गोळा दाबतांच इंजिन सुरू झालें, तर रोग सांपडला आणि खर्च कांहीं नाहीं.

दुसरा दोष पाण्याचा. टांगतें इंजिन खाडीचेंच पाणी ओढून स्वतःस थंड ठेवतें, आणि त्यांतील थोडें पाणी बाहेर धारेनें फेंकून आपली प्रकृति कळवितें. पाणी ओढणाऱ्या पंपांत रबरी पात्यांचें एक चाक असतें. गाळानें व वयोमानानें तें झिजतें. पाणी आंत येण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली तरी तेंच होतें, आणि आमच्या खाडींत पिशव्यांची वाण नाहीं. धार बारीक झाली, इंजिनाच्या टोपणाखालून करपल्याचा वास आला, कीं इंजिन तत्काळ थांबवावें. हा एकच दोष असा आहे कीं त्यांत थांबून पुन्हां पुन्हां चालविण्याचा हट्ट इंजिनाचा जीव घेतो. खाऱ्या पाण्यांतून आल्यावर दर वेळीं गोड्या पाण्यानें आंतील मार्ग धुवावे, म्हणजे मीठ सांचत नाहीं.

तिसरा दोष वाफेचा. स्कूटरवाल्यांनीं हा नीट वाचावा. चालूं इंजिनास पाणी किंवा वारा निववीत असतो. तें थांबविलें कीं निवविणें थांबतें, परंतु लोखंडांतील उष्णता जागींच राहते आणि पेट्रोलाच्या नळ्यांत व कार्बुरेटरांत शिरते. पेट्रोल थोड्या उष्णतेनेंच उकळूं लागतें. पंपांत बुडबुडे भरतात. कार्बुरेटरांतील पेट्रोल उतूं जाऊन आंत नको तितकें जमतें. म्हणून असें इंजिन थांबवून लगेच सुरू केलें तर होतें, अर्ध्या-पाऊण तासानें केलें तर होतें, आणि मधल्या दहा-वीस मिनिटांतच रुसतें. ही खूण ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अशा वेळीं लोक चोक ओढतात, म्हणजे अजीर्णावर आणखी जेवण वाढतात. त्याऐवजीं इंजिनाचें टोपण उघडून वारा द्यावा, पेट्रोलच्या पंपावर व नळीवर ओलें फडकें ठेवावें आणि चोक न ओढतां, थ्रॉटल किंचित् उघडून सुरू करावें. आयुर्वेदांत रोग ओळखण्याच्या पांच साधनांत ‘उपशय’ म्हणून एक साधन आहे. ज्या उपायानें बरें वाटतें त्यावरून रोग ताडणें. ओल्या फडक्यानें इंजिन सुरू झालें तर तोच उपशय.

ह्याला जोडून एक गोष्ट. २०२५ सालापासून आपल्याकडील पेट्रोलांत सुमारें वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें येऊं लागलें आहे. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें. पावसाळ्यांतील मासेमारीच्या बंदीच्या काळांत टाकी तशीच भरलेली राहिली, तर पाणी व इथेनॉल वेगळें होऊन तळाशीं बसूं शकतें, आणि जुन्या रबरी नळ्याही त्यानें फुगतात वा भेगाळतात. नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करण्यापूर्वीं टाकींत ताजें पेट्रोल भरलें कीं नाहीं, हें पाहणेंही धर्मकृत्यच समजावें.

चौथा दोष ठिणगीचा. इंजिनाच्या माथ्यावरील जड चाकाखालीं बारीक तांब्याच्या तारेचीं वेटोळीं असतात. त्यांत उत्पन्न होणाऱ्या विजेनें प्लगावर ठिणगी पडते. अशा तारेस केसासारखी चीर गेली असेल, तर थंडपणीं दोन टोंकें एकमेकांस चिकटून असतात आणि वीज वाहते. तापल्यावर बहुतेक पदार्थ प्रसरण पावतात. टोंकें सुटतात, वीज थांबते, इंजिन पडतें. निवल्यावर टोंकें पुन्हां जुळतात. चोर असा कीं दारोगा आला म्हणजे साळसूद होऊन बसतो.

वहींतील टांचणें आम्हीं वाचलीं. तिन्ही वेळां इंजिन पस्तीस ते पंचेचाळीस मिनिटांनीं पडलें होतें. पाण्याची धार शेवटपर्यंत जोरदार होती. अर्धा तास थांबल्यावर तें सुरू झालें आणि दुसऱ्या खेपेस पुष्कळ लवकर बंद पडलें. दुसरी खेप लवकर आली, ह्यावरून दोष उष्णतेचाच असावा असें आम्हांस वाटूं लागलें. कारण दुसऱ्या खेपेस इंजिन आधींच अर्धें तापलेलें असतें. परंतु वाटणें म्हणजे निर्णय नव्हे. बिघाड समोर आणून त्याची परीक्षा घेणें प्राप्त होतें.

ह्यासाठीं पुन्हां खाडींत जाणें आलें, आणि ह्या वेळीं आम्हीं नातवास घरीं ठेविलें. बंद पडणारें इंजिन मुद्दाम बंद पाडावयाचें, तर जागा व वेळ पाहून पाडावें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं मुंबई बंदरांत इंजिनाची चांचणी चालूं असलेली नौदलाची एक वेगवान नौका घारापुरीस जाणाऱ्या उतारूंच्या बोटीवर आदळली आणि पंधरा माणसें प्राणास मुकलीं, हें सर्वांच्या स्मरणांत आहेच. आमची होडी लहान आणि वेग बेताचा. तरी आम्ही जाण्यायेण्याचा मार्ग सोडून कडेला राहिलों. वेळ भरतीची निवडली, म्हणजे इंजिन पडलें तरी पाणी आंतल्या बाजूस आणील आणि चिखलावर बसण्याची भीति नाहीं. अंगांत तरंगतीं जाकिटें, होडींत वल्हीं, आणि हांकेच्या अंतरावर विद्यार्थ्याच्या भावाची दुसरी होडी. मिस्त्रीही आग्रह करून बरोबर घेतला.

चाळीस मिनिटें झालीं आणि इंजिन ठरल्याप्रमाणें पडलें. बिघाड झाला म्हणून आनंद व्हावा, असा तो आमच्या आयुष्यांतील पहिलाच प्रसंग. झांकण सैल केलें; सुस्कारा नाहीं. रबरी गोळा दाबला. तो टणक होता, म्हणजे पेट्रोल पोहोंचत होतें. पाण्याची धार क्षणापूर्वीं ठीक होती. टोपण उघडून पेट्रोलाचा वास पुरता उडून जाऊं दिला आणि मग मिस्त्रीनें प्लग व त्याची तार ह्यांच्यामध्यें ठिणगी दाखविणारा लहान दिवा जोडला. हा बंद दिवा चार पैशांचा असतो. प्लग काढून उघडी ठिणगी पाडण्याचा खेळ पेट्रोलाच्या सान्निध्यांत कोणीं करूं नये. दोरी ओढली; दिवा काळाच. पंप व नळी ओल्या फडक्यानें निवविली. तरी दिवा काळाच. पंचवीस मिनिटें थांबून पुन्हां ओढली. दिवा लखलखला, आणि त्याच हिसक्यास इंजिन सुरू झालें. उष्णता असतां ठिणगी नाहीं आणि इंजिन नाहीं. उष्णता नसतां ठिणगी आहे आणि इंजिन आहे. अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही डोळ्यांदेखत.

किनाऱ्यावर येऊन मिस्त्रीनें चाकाखालचें वेटोळें काढलें. थंडपणीं त्याचें माप बरोबर होतें. मग घरांतून केस वाळविण्याचें यंत्र आणून त्यानें तें तापविलें, आणि कांहीं मिनिटांत मापकानें तार तुटल्याची खूण दाखविली. नवें वेटोळें बसविल्यास आतां कित्येक महिने झाले. इंजिन पुन्हां रुसलेलें नाहीं. आम्हीं मिस्त्रीस दोष देणार होतों, परंतु तो म्हणाला, "गुरुजी, मला ह्यांनीं इंजिन कधीं आजारी दाखविलेंच नाहीं." ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

डिझेलच्या मोठ्या बोटींविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. डिझेलला ठिणगीची गरज नाहीं. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. म्हणून दाब कमी झालेलें डिझेल इंजिन बहुधा थंडपणीं कुरकुरतें. उलट, थंडपणीं उत्तम आणि तापल्यावर सुरू होईना, तर प्रथम संशय तेल फेंकणाऱ्या पंपावर घ्यावा; झिजलेल्या पंपांत तापून पातळ झालेलें तेल मागें गळतें आणि हवा तेवढा दाब तयार होत नाहीं. येथेंही ओल्या फडक्यानें उपशय पाहतां येतो. मात्र तापल्या पंपावर थंड पाणी ओतूं नये. आंतील भाग एकाएकीं आंवळून पंप कायमचा अडकतो. चालतां चालतां बंद पडणाऱ्या डिझेलांत गाळणी तुंबणें आणि नळींत हवा शिरणें हीं नेहमींचीं कारणें होत. लाटांनीं टाकी ढवळली कीं तळचा गाळ गाळणीवर येऊन बसतो; म्हणून धक्क्याला शहाणें असणारें इंजिन समुद्रांत वेडें होतें.

आतां आमच्या धड्याकडे वळूं. इंजिन निवण्याची वाट पाहात होडींत बसलों असतां जुन्या गोष्टी निघाल्या. हा विद्यार्थी आमच्या वर्गांत होता तेव्हां मोठा विचित्र होता. कांहीं दिवस शब्दरूपें खडखडीत म्हणून दाखवी. मग पांच-सहा दिवस दुपारच्या तासास बाकावर डोकें टेकून झोंपे. आम्हीं त्याला उभें केलें, छड्या मारल्या, आणि प्रगतिपुस्तकांत ‘बुद्धि आहे, परंतु आळशी’ असा शेरा लिहिला. तो शेरा आम्हांस आठवत होता. त्यालाही आठवत होता.

"गुरुजी," तो हंसत म्हणाला, "उधाणाला आम्ही रात्रीं डोल लावायला जायचों. बापाबरोबर दुसरें कोण जाणार? भांग लागला कीं घरींच."

उधाण अमावास्येस व पौर्णिमेस येतें. पाण्याची ओढ जबर असते, आणि डोलीचें जाळें तेव्हांच भरतें. अष्टमीच्या सुमारास पाणी मंदावतें, त्यास कोळी लोक भांग म्हणतात. म्हणजे हा मुलगा पौर्णिमा-अमावास्येच्या आगेंमागें झोंपत होता आणि अष्टमीच्या सुमारास शब्दरूपें म्हणत होता. आमच्या घरच्या भिंतीवर पंचांग टांगलेलें होतें, वर्गांत हजेरीपट होता, आणि अन्वयव्यतिरेक तर आम्ही पोटासाठीं शिकवीत होतों. दोन ओळी शेजारीं शेजारीं मांडून पाहण्याचें मात्र आम्हांस तीन वर्षांत सुचलें नाहीं. मुलगा जागा असतां आम्हीं त्याला शाबासकी दिली, झोंपला असतां छडी दिली. कां झोंपला, हें त्या वेळीं त्याच्याजवळ बसून विचारलें नाहीं.

आम्हीं त्याला म्हटलें, "तो शेरा चुकीचा होता."

इंजिनाच्या टोपणावर हात ठेवून तो किती निवालें आहे हें पाहात होता. "तें पुस्तक पहिल्याच पावसांत भिजून गेलें, गुरुजी," तो म्हणाला, आणि त्यानें दोरी हातांत घेतली.

असो. वाचकांपैकीं ज्यांची स्कूटर बाजारांतून परततांना सुरू होत नाहीं, त्यांनीं ती रात्रभर निववून सकाळीं कारागिराकडे नेऊं नये. तापलेली असतां, रुसलेली असतां न्यावी, आणि केव्हां, किती वेळानें, कशी बंद पडली तें कागदावर लिहून त्याच्या हातीं द्यावें. आणि ज्यांच्या घरीं कांहीं दिवस हुशार व कांहीं दिवस मंद असें मूल आहे, त्यांनीं शेरा लिहिण्यापूर्वीं एक महिनाभर वही ठेवावी.